शी किती वेळा झाली यापेक्षा शू कधी झाली ते सांगा

पत्र:

डॉक्टर, नमस्कार.

माझा नातू अकरा महिन्यांचा आहे. मुलगा-सून दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे दिवसभर तो माझ्याकडेच असतो. मागच्या आठवड्यात त्याला सकाळपासून पातळ शी व्हायला लागली, दोनदा उलटीही झाली. खालचे दोन दात आलेत, वरचे यायच्या बेतात आहेत, म्हणून मी म्हटलं दातांचे जुलाब असतील, होतील बंद. पोटाला आराम म्हणून दूध बंद केलं. सहाणेवर जायफळ उगाळून चाटवलं, साबुदाण्याचं पाणी दिलं. दुपारभर तो झोपूनच होता. मला वाटलं, बरं वाटतंय. संध्याकाळी सून आली, त्याला बघितलं आणि तशीच रिक्षा करून दवाखान्यात घेऊन गेली. रात्रभर सलाइन लावलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मला सुनावलं. आता बाळ बरं आहे, पण सून मनातून नाराज आहे हे मला कळतं.

मी तीन मुलं वाढवली. मग मला कळलं कसं नाही? हाच नातू दोन महिन्यांचा होता तेव्हा दिवसातून सात-आठ वेळा पातळ शी करायचा आणि डॉक्टर म्हणायचे, काही नाही, नॉर्मल आहे. मग जुलाब म्हणायचे तरी कधी? दूध पुन्हा सुरू करायलाही आता भीती वाटते. करू का?

एक आजी, संगमनेर


उत्तर:

आजी, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही. दूध आजच सुरू करा. आईचं दूध तर जुलाब चालू असतानासुद्धा एका वेळेलाही बंद करायचं नसतं. वरचं दूध पीत असेल तर तेही नेहमीसारखंच द्या, पाणी घालून पातळ करू नका. आता बाकीचं सविस्तर सांगते.

चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ, पाण्यासारखी शी झाली की ते जुलाब, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. पण या व्याख्येला एक शेपूट आहे आणि तुमचा गोंधळ तिथेच झाला: ‘किंवा त्या मुलाच्या नेहमीपेक्षा जास्त वेळा’. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मुळातच सैल असते. पिवळीधमक, मध्ये पांढरे कण, जरा आंबूस वास. काही बाळं दर पाजण्यानंतर शी करतात. बाळ हसतंय, दणकून पितंय, वजन वाढतंय, तर अशा आठ शींनाही जुलाब म्हणत नाहीत. तेव्हाच्या डॉक्टरांनी तुम्हाला बरोबरच सांगितलं होतं. एखादं मोठं मूल दिवसातून चार वेळा पण बांधलेली शी करत असेल, तर तेही जुलाब नव्हेत.

आता तुमचा नातू खिमट, वरणभात खातो. एरवी दिवसातून एकदा-दोनदा घट्टसर शी करत असेल. त्या दिवशी सकाळपासून त्याची शी पाण्यासारखी झाली आणि पुन्हा पुन्हा झाली. हा जो अचानक झालेला बदल, तो ओळखायचा. रंगाला फार भिऊ नका. हिरवी शी बघून लोक धावत येतात, पण नुसत्या हिरव्या रंगाला काही अर्थ नसतो. शीत गाजराचे, मटाराचे तुकडे जसेच्या तसे दिसले तरी ते बहुतेक वेळा नीट न चावल्याचं लक्षण असतं. रंगांपैकी दोनच लक्षात ठेवा. लाल, म्हणजे रक्त. आणि भाताच्या पेजेसारखं पांढुरकं पाणी भराभर जाणं, ज्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची शंका घ्यावी लागते.

दातांबद्दल स्पष्टच सांगते, कारण हा समज घरोघरी आहे आणि त्यापायी मुलांचे मोलाचे तास वाया जातात. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, मूल चिडचिड करतं, हातात येईल ते चावतं. पाण्यासारखे जुलाब दातांमुळे होत नाहीत. मग तसं का वाटतं? दुधाचे वीस दात साधारण सहाव्या महिन्यापासून अडीच वर्षांपर्यंत एकामागून एक येत राहतात. त्या काळातलं कुठलंही दुखणं कुठल्या तरी दाताच्या आसपास पडणारच. शिवाय नेमक्या याच वयात मूल रांगायला लागतं, जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालतं, वरचं अन्न-पाणी सुरू होतं आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत जाते. जुलाब होतात ते या सगळ्यामुळे, पोटात गेलेल्या जंतूंमुळे. दात तेव्हाच येत असतात, एवढंच.

आता मुद्द्याचं. जुलाबांत मूल दगावतं ते शीमुळे नाही, शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. जगात आजही दर वर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं अशी जातात. आठ किलोच्या बाळाचा हिशोब करून बघा. अंगातलं साधारण ४०० मिली पाणी गेलं की लक्षणं दिसू लागतात, ८०० मिलीच्या पुढे गेलं तर जिवावर बेततं. म्हणजे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीपेक्षाही कमी पाणी गेलं तरी बाळ आजारी दिसायला लागतं. मोठ्या माणसाला दिवसभर जुलाब झाले तरी तो उठून बसतो. बाळाची गोष्ट सकाळ ते संध्याकाळ एवढ्यात पालटते, तुम्ही ते बघितलंतच.

म्हणून माझ्याकडे जुलाबाचं मूल आलं की मी पहिला प्रश्न विचारते, शेवटची शू कधी झाली? बहुतेक घरांत शी किती वेळा झाली ते चोख माहीत असतं, शूचं कुणी सांगू शकत नाही. सहा-आठ तासांत शू नाही, किंवा झाली ती थोडी आणि गडद पिवळी, तर अंगातलं पाणी कमी पडतंय. यात डायपर फसवतं. पातळ शीतलं पाणी डायपर शोषून घेतं, ते जड लागतं आणि आपल्याला वाटतं, शू भरपूर होतेय. म्हणून जुलाब असतील तेवढे दिवस घरात डायपर काढा आणि जुन्या सुती साडीचे लंगोट वापरा. धुणं वाढेल, पण शी वेगळी, शू वेगळी डोळ्यांना दिसेल.

मग बाळाच्या चेहऱ्याकडे बघा. जीभ आणि ओठ ओले आहेत की कोरडे? रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? डोळे खोल गेल्यासारखे वाटतात का? हे तुमच्याइतकं कुणालाच कळणार नाही, कारण तुम्ही त्याला रोज बघता. आम्ही डॉक्टरसुद्धा आईला किंवा आजीला विचारतो, याचे डोळे नेहमी असेच असतात का हो?

तुमच्या पिढीला ‘टाळू बसली’ हे माहीत आहे. ते निरीक्षण सोळा आणे खरं आहे. अंगातलं पाणी कमी झालं की डोक्यावरचा तो मऊ भाग आत जातो. चुकतो तो त्यावरचा उपाय. टाळूवर तेल थापून किंवा तोंडात बोट घालून टाळू उचलून पाणी भरून निघत नाही, उलट त्या बोटाबरोबर आणखी जंतू पोटात जातात. टाळू बसलेली दिसली की वाटी-चमचा घ्यायचा आणि ओआरएस, म्हणजे मीठ-ग्लुकोजचं मोजून केलेलं पाणी, पाजायचं.

पोटाची चिमटीही घेऊन बघायला शिका. बाळाला उताणं निजवा. बेंबी आणि कुशी यांच्या बरोबर मध्ये, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये कातडी हलकेच उभी धरा. नखं लावू नका, बोटांच्या टोकांनी चिमटा काढू नका. क्षणभर धरून सोडा. निरोगी बाळाची कातडी तिथल्या तिथे सपाट होते, डोळ्याला घडी दिसतसुद्धा नाही. घडी जराशी रेंगाळली, सावकाश मिटली, तर पाणी कमी झालंय. दोन सेकंद तशीच उभी राहिली तर पुढचं सगळं बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. गुटगुटीत मुलात ही घडी फसवू शकते, पाणी कमी असूनही चटकन मिटते. हडकुळ्या मुलात बरं असतानाही सावकाश मिटते. म्हणून एकट्या चिमटीवर विसंबू नका. आज नातू बरा आहे तर आजच एकदा करून बघा, म्हणजे त्याची नेहमीची कातडी कशी परतते ते हाताला कळेल.

राहिली त्या दुपारची झोप. आजी, तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात टोचलेलं वाक्य तेच आहे. पाणी कमी व्हायला लागलं की मूल आधी किरकिरं होतं, सारखं पाणी मागतं, पेला दिसला की झडप घालतं. त्यापुढच्या पायरीवर ते मलूल होतं. हाक मारली तर डोळे उघडतं न उघडतं, पाणी तोंडाला लावलं तर पीत नाही, मान टाकतं. किरकिर थांबली म्हणून घरातल्यांना हायसं वाटतं, आणि धोका तिथेच वाढलेला असतो. त्यात तुम्ही जायफळ चाटवलं होतं. जायफळाने गुंगी येते. त्या दिवशीची झोप पाणी कमी झाल्याची होती की जायफळाची, हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि ज्या एका खुणेवरून तुम्हाला कळायला हवं होतं तीच झाकली गेली. त्यामुळे जुलाबाच्या मुलाला जायफळ, अफूची बोंडं किंवा गुंगी आणणारं काहीही देऊ नका.

तुम्ही विचारता, मला कळलं कसं नाही. तुम्ही शीकडे बघत होतात, ती थांबायची वाट बघत होतात. आणि दूध बंद केलंत, जे या सगळ्यात सर्वांत चुकीचं झालं. पाणी जात असताना आत येणारं पाणीच थांबलं. पोटाला आराम द्यायचा ही कल्पना फार जुनी आहे, एके काळी डॉक्टरही तेच सांगत. आता आपल्याला माहीत आहे की जुलाबातही आतड्यांचं बरंचसं काम चालू असतं, आणि उपाशी ठेवलेल्या मुलाची आतडी भरून यायला उलट जास्त वेळ लागतो.

त्या दिवशी सकाळीच काय करायला हवं होतं? ओआरएस. आमच्या शास्त्रातली ही एक थोर गोष्ट आहे आणि ती आपल्याच देशात सिद्ध झाली, म्हणून थोडं थांबून सांगते. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात मिसळलं, ते पिंपांत भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. पाजणारे होते ते आई, बाप, आज्या, भाऊ. म्हणजे तुमच्यासारखीच माणसं.

यामागचं कारण सोपं आहे. जुलाबात आतड्यांना नुसतं पाणी नीट शोषता येत नाही. पण मीठ आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात एकत्र आले की आतडी दोघांना जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत जातं. ही वाट जुलाबातही उघडी असते. प्रमाण बिघडलं की सगळं बिघडतं. मीठ जास्त झालं तर मेंदूला इजा होऊ शकते, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात.

म्हणूनच पाकीट कसं कालवायचं ते महत्त्वाचं. पाकिटावर लिहिलेलं असतं, एक लिटर की २०० मिली. लिटरचं असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सगळंच्या सगळं पाकीट रिकामं करायचं. मी सर्वांत जास्त पाहिलेली चूक म्हणजे मोठ्या पाकिटातली चिमूटभर पावडर पेल्यात टाकून, बाकीचं पाकीट पिन लावून ठेवणं. तसं अजिबात करू नका. दुधात, सरबतात कालवू नका, वरून साखर घालू नका, कालवल्यावर उकळू नका. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या आणि नवं करा. पाकीट वाया जातंय असं वाटू देऊ नका. आशाताईंकडे आणि उपकेंद्रात ते फुकट मिळतं.

द्यायचं किती? दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे चहाचा छोटा कप अर्धा ते एक. त्यापुढच्या वयाला १०० ते २०० मिली. बाटलीने नाही, वाटी-चमच्याने. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, यावेळी आणखी सावकाश. ‘काही दिलं की उलटतंय’ म्हणून लोक सगळंच बंद करतात. पेलाभर एकदम पाजलं तर उलटतं, चमच्या-चमच्याने दिलेलं बरंचसं पोटात राहतं. मांडीवर बाळ, हातात चमचा, असे दोन-तीन तास सहज जातात. कंटाळवाणं काम आहे खरं, पण त्या दोन-तीन तासांनी पुष्कळ मुलांची सलाइन वाचते.

आणखी एक गोष्ट अपेक्षेबद्दल. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. गेलेलं पाणी भरून निघतं, शी चालूच राहते, बहुधा तीन ते सात दिवस. ‘दिवसभर ओआरएस दिलं, काही फरक नाही’ असं म्हणून आया ते सोडून देतात. शू होतेय, मूल खेळतंय, तर फरक पडलाय.

दुकानात जाल तेव्हा सावध राहा. ओआरएसच्या नावाने फळांच्या चवीची गोड पेयं छोट्या खोक्यांतून वर्षानुवर्षं विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध कितीतरी वर्षं झगडल्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. पाकिटावर एका लिटरमागे सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम लिहिलेलं असेल, तर ते खरं. नुसती ग्लुकोज पावडर, कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस, गोड चहा यांतलं काहीच ओआरएसच्या जागी चालत नाही.

पाकीट हाताशी नसेल आणि आणायला वेळ लागणार असेल तर घरी करा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. आधी स्वतः चाखा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि पुन्हा करा. जोडीला मीठ घातलेली भाताची पेज, वरणाचं पाणी, ताजं ताक चालतं. तुमचं साबुदाण्याचं पाणी वाईट नव्हे, पण त्यात मीठही नव्हतं आणि कसही नव्हता.

ओआरएसच्या जोडीला झिंक. दवाखान्यातून गोळ्या दिल्या असतील. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. चमच्यात दूध किंवा पाणी घेऊन गोळी टाकली की विरघळते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शी घट्ट होते आणि घरातले गोळ्या बंद करतात. करू नका. झिंकने हा आजार लवकर आटोपतो, आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब व्हायची शक्यताही कमी होते. तो दुसरा फायदा हवा तर चौदा दिवस पुरे करायला हवेत.

शी ‘बांधणारी’ औषधं मात्र नकोत. मोठ्यांना मेडिकलमध्ये जुलाब थांबवायची गोळी मिळते, ती लहान मुलाला कधीच द्यायची नाही. आतड्यांची हालचाल थंडावते, पोट फुगतं आणि पाणी बाहेर दिसत नसलं तरी आतच साठून राहतं. फ्रिजच्या दारात मागच्या वेळच्या अँटिबायोटिकची अर्धी बाटली असते, तीही काढू नका. लहान मुलांचे पाण्यासारखे जुलाब बहुतांशी विषाणूंमुळे होतात, त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. शीत रक्त-आव पडत असेल तेव्हा त्याची गरज असते, आणि तेव्हा ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आता घरी थांबायचं नाही अशी वेळ कुठली? मूल मलूल आहे, नीट जागं होत नाही. पाणी पीत नाही, किंवा प्रत्येक घोट उलटून पडतो. सहा-आठ तास शू नाही. शीत रक्त. ताप चढलेला. चिमटीची घडी सावकाश मिटते, डोळे खोल. तासाभरात पुन्हा पुन्हा पाण्यासारखी मोठी शी. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर यातल्या कशाचीही वाट न बघता दाखवायचं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, आणि वाटेतही चमच्याने ओआरएस चालू ठेवा.

एक वेगळा आजार याच वयात जुलाबासारखा भासतो, तो सांगून ठेवते. बाळ अचानक कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, मग थोडा वेळ शांत होतं, पुन्हा तसंच. उलटी हिरवी होते आणि शीत लालसर चिकट शेंबडासारखं पडतं. यात आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असतो. तो मुरडा समजून मुरडशेंग उगाळत बसू नका. काही तासांत शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात पोचायला हवं.

चौदा दिवसांपेक्षा जास्त चाललेले जुलाब हाही वेगळा विषय. त्यात वजन उतरत जातं आणि तपासण्या लागतात.

हे आलं कुठून, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात त्यावरून बोलणं झालं असणार. नेमकं एक कारण सांगता येत नाही. थंडीच्या दिवसांत बऱ्याचदा रोटाविषाणू असतो, पावसाळ्यात पाण्यातून येणारे जंतू जास्त. मी तुमच्या घरी आले तर तीन गोष्टी बघीन. पहिली ती सहाण. बाळगुटी उगाळून झाल्यावर ती नुसती विसळून उपडी ठेवतात, भेगांत ओल राहते, दुसऱ्या दिवशी त्यावरच पुन्हा न उकळलेल्या पाण्याचे दोन थेंब. दुसरी दुधाची बाटली. बूच कितीही उकळा, आत साय धरतेच. वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं घासायला सोपं. तिसरी म्हणजे बाळाची शी धुतल्यावरचे हात. लहान बाळाची शी ‘काही नसते’ असं मानून नुसत्या पाण्याने हात धुतले जातात. तिच्यात मोठ्यांच्या शीइतकेच जंतू असतात, जुलाबात तर कितीतरी जास्त. शी धुतल्यावर आणि भरवायच्या आधी, दोन्ही वेळा साबण लागतोच.

सूनबाईंचं म्हणाल तर त्यांनी त्या संध्याकाळी अगदी योग्य केलं. मूल मलूल होतं, त्याला सलाइनची गरज होती. डॉक्टरांनी तुम्हाला चारचौघांत बोलायला नको होतं. ज्या बाईच्या हातात उद्या पुन्हा बाळ असणार आहे तिला समजावून सांगायचं असतं. तुम्ही हे उत्तर सूनबाईंना वाचायला द्या आणि दोघी मिळून ठरवा: घरात ओआरएसची चार पाकिटं कुठल्या डब्यात असतील, लिटरची खूण कुठल्या भांड्यावर केलेली असेल, आणि मूल आजारी पडलं तर त्यांना कामावर फोन करायला तुम्ही किती वेळ थांबायचं. माझ्या मते तिसऱ्या पातळ शीला फोन करावा. कॅलेंडरवर दुधाचे आकडे लिहिता त्याच चौकोनात त्या दिवशी शी, शू आणि पाजलेलं ओआरएस वेळेसकट लिहा. दवाखान्यात तो कागद नुसता दाखवला तरी डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

खाण्याचं म्हणाल तर आता दोन आठवडे त्याला रोज एक जेवण जास्तीचं द्या. मऊ वरणभात, वर चमचाभर तूप किंवा तेल, कुस्करलेलं केळं, नाचणीची खीर. दोन आठवड्यांनी अंगणवाडीत वजन करून बघा.

आणि आज संध्याकाळीच लसीकरणाचं कार्ड काढा. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात रोटाविषाणूची लस तोंडाने थेंब पाजून देतात. २०१६ पासून ती सरकारी कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली आणि आता प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. एक जरी डोस आधी झाला असेल तर उरलेले पूर्ण करून घेता येतात. पण एकही झाला नसेल तर पहिला डोस बाळ एक वर्षाचं व्हायच्या आतच द्यावा लागतो. तुमचा नातू अकरा महिन्यांचा आहे, म्हणजे हातात जेमतेम एक महिना उरलाय. कार्डावर त्या रकान्यात तारीख नसेल तर उद्याच आशाताईंना विचारा, या आठवड्यात लसीकरणाचा दिवस कुठला.